आयर्लंडमधले 'परींचे किल्ले' नेमके काय आहेत?

ऑगस्ट २०१७ मध्ये आयर्लंडच्या संसदेतल्या एका सदस्याचं विधान जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. सदस्याचं नाव डॅनी हीली-रे, मतदारसंघ केरी. किलार्नीहून कॉर्ककडे जाणाऱ्या एन-२२ रस्त्याचा एक तुकडा कितीदा दुरुस्त केला तरी पुन्हा खचत होता. त्या भागात परींचे किल्ले पुष्कळ आहेत आणि रस्ता खचण्यामागे तेच कारण आहे, असं हीली-रे यांचं म्हणणं. काउंटीच्या अभियंत्यांनी खालच्या मातीकडे बोट दाखवलं, बाकीचे लोक मनसोक्त हसले. या हसण्यात एक तपशील मागे पडला. हीली-रे यांचा धंदा माती उकरणारी यंत्रं भाड्याने देण्याचा आहे. ज्याचं पोटच जेसीबीवर चालतं तो माणूस सांगत होता की उपाशी राहीन, पण त्या किल्ल्याला हात लावणार नाही.

हे किल्ले आहेत तरी काय, त्यांत राहत कोण होतं, आणि हातात यंत्र असलेला माणूस त्यांना इतका का बिचकतो, हे जरा नीट पाहू.

आधी राजगड डोक्यातून काढा

किल्ला म्हटलं की आपल्यापुढे तट, बुरूज, चोरदरवाजा आणि खाली खोल दरी उभी राहते. इथे त्यातलं काहीच नाही. हिरव्या कुरणाच्या मधोमध मातीचा एक गोल बांध असतो, बांधाच्या बाहेरून चर फिरलेला असतो, आणि आत सपाट गवत. व्यास साधारण ३० मीटर. काही २० मीटरचे असतात, काही ६० पर्यंत जातात. बांधावर हॉथॉर्नची काटेरी झुडपं माजलेली. एका बाजूला, बहुतेक वेळा पूर्वेला किंवा आग्नेयेला, आत शिरायची फट असते, आणि तिच्यासमोर चर न खणता वाट राखलेली असते. चर खणताना निघालेली मातीच आतल्या बाजूला टाकून बांध केलेला असतो. एवढंच बांधकाम.

पुरातत्त्ववाले याला 'रिंगफोर्ट' म्हणतात. मातीचा असेल तर राथ किंवा लिस, आणि जिथे माती कमी व दगड फार अशा भागात दगडांचा रचलेला असेल तर कॅशेल किंवा काहर. गावकरी नुसतं 'द फोर्ट' म्हणतात, नाहीतर 'फेअरी फोर्ट'. बहुतेकांना एकच कडं असतं. दोन कडी असलेले थोडे, आणि तीन कडी असलेले फारच थोडे.

यांची संख्या ऐकून माणूस चकित होतो. अख्ख्या बेटावर ज्ञात असलेले सुमारे ४५ हजार. बेटाचं क्षेत्रफळ साधारण ८४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे सरासरी दर दोन चौरस किलोमीटरमागे एकाहून जास्त. स्लायगो, रॉसकॉमन, लिमेरिक या भागांत तर खूपच दाटी. डब्लिनमध्ये राहणारी मराठी मंडळी रॅथमाइन्स, रॅथगार, रॅथफार्नम ही नावं रोज बसच्या पाटीवर वाचतात, त्यांच्या सुरुवातीला हाच राथ बसलेला आहे. लिसबर्न, लिसमोर यांत लिस आहे, काहरसायव्हीन या गावात काहर. नावं टिकली, पण पुष्कळ ठिकाणी कडं कधीच गेलं.

किती जुने?

इथे पर्यटनाच्या माहितीपत्रकांनी बराच घोळ घातलेला आहे. 'प्राचीन केल्टिक', 'ड्रुइडांचे' (म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीच्या पुरोहितांचे), 'हजारो वर्षांपूर्वीचे' अशी विशेषणं सर्रास लावली जातात. खरं पाहता बहुसंख्य रिंगफोर्ट इसवी सनाच्या सहाव्या ते दहाव्या शतकांतले आहेत. म्हणजे आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म रुजवणाऱ्या सेंट पॅट्रिकच्या नंतरचे. यांत राहणारे लोक ख्रिस्ती होते, जवळपासच्या मठांना दान देत होते, आणि त्यांच्या काळातले भिक्षू सुंदर हस्तलिखितं तयार करत होते.

आयर्लंडच्या जुन्या राजांशी जोडल्या गेलेल्या टाराच्या टेकडीवरचं सर्वांत मोठं वर्तुळ त्याआधीच्या लोहयुगातलं आहे. तिथला चर बांधाच्या आतल्या बाजूला आहे, त्यामुळे ते संरक्षणासाठी नसून विधींसाठी असावं असं मानतात. त्याला रिंगफोर्ट म्हणणं चूक, पण पाट्यांवर आणि बोलण्यात दोन्हींची सरमिसळ सतत होते.

आत कोण राहत होतं?

शेतकरी. बायका-मुलं, नोकर, कधी गुलाम, आणि भोवती गुरं. 'फोर्ट' हा शब्द लढाईची आठवण करून देतो, पण यातल्या बहुतेक जागा म्हणजे कुंपण घातलेली घरं होती.

हे कळतं ते उत्खननांतून. लाकूड आणि वेत सहसा कुजून जातात, मागे उरतात खांबांचे खड्डे. पण अँट्रिम काउंटीत ग्लेनआर्मजवळ डिअर पार्क फार्म्स नावाच्या जागी १९८४ ते १९८७ या काळात खोदकाम झालं तेव्हा नशीब फळफळलं. तिथला तळ पाण्याने भिजलेला राहिला होता. पाण्यात हवा पोचत नाही, हवा नसेल तर कुजवणारे जिवाणू काम करत नाहीत. त्यामुळे हेझलच्या फांद्या टोपलीसारख्या विणून केलेल्या घरांच्या भिंती चक्क जागेवर सापडल्या. भिंती दुहेरी होत्या, मधल्या पोकळीत गवत, शेवाळ असा ऊब धरणारा भराव. एका घराच्या ओक लाकडी दरवाज्याची चौकट मिळाली. झाडाच्या खोडातली वार्षिक वलयं मोजून ते लाकूड इसवी सन ६४८ मध्ये तोडल्याचं ठरवता आलं. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीच्या एका शेतकऱ्याने दरवाजा कधी बसवला हे आपल्याला वर्षासकट माहीत आहे, यापरतं सुख पुरातत्त्वात क्वचित मिळतं. त्याच मातीत उवा आणि पिसवाही मिळाल्या. ऊबदार घराची किंमत घरातल्यांनी अंग खाजवून मोजलेली दिसते.

दुसरा आधार म्हणजे कायद्याचे ग्रंथ. जुन्या आयरिश भाषेतला, इसवी सन ७०० च्या आसपासचा एक कायदा समाजातल्या माणसांची प्रतवारी लावतो आणि प्रत्येकाकडे काय असावं याची यादीच देतो. खालच्या पायरीवरच्या स्वतंत्र तरुण शेतकऱ्याकडे ७ गायी, ७ डुकरं, ७ मेंढ्या, एक घोडा आणि नांगरात चौथा हिस्सा. म्हणजे नांगर चौघांत मिळून. वरच्या पायरीवरच्या सधन शेतकऱ्याकडे २० गायी, २ वळू, ६ बैल. तोच कायदा राजाच्या वाड्याचं मापही सांगतो, हर बाजूने १४० फूट, आजच्या हिशेबाने साधारण चाळीस मीटर. राजाचं घर शेतकऱ्याच्या घराहून फार मोठं नव्हतं. त्या काळी बेटावर लहान-लहान राजे एकाच वेळी शंभराच्या घरात होते, त्यामुळे 'राजा' या शब्दानेही फार दबून जाऊ नये.

लढाई नव्हती तर बांध कशाला?

हा रास्त प्रश्न आहे आणि अभ्यासकांत यावर अजून वाद होतात.

पहिलं कारण गुरं. त्या काळच्या आयर्लंडमध्ये नाणी नव्हती. संपत्ती मोजायची ती दुभत्या गायींत, दंड भरायचा गायींत, हुंडाही गायींत. मोठ्या रकमेचं माप होतं 'कुमल', आणि त्याचा मूळ अर्थ गुलाम स्त्री. या समाजाकडे फार गोडगुलाबी नजरेने पाहू नये ते यासाठी. संपत्ती चार पायांवर चालत असेल तर ती हाकून नेताही येते. शेजारच्या राज्यात घुसून गुरं पळवणं हा तरुण राजांचा पराक्रम समजला जाई. नव्या राजाने गादीवर येताच अशी धाड घालावी अशीच अपेक्षा असे. जोडीला लांडगे होते, ते आयर्लंडमध्ये अठराव्या शतकापर्यंत टिकून होते.

पण नुसत्या गुरांवरून सगळं सुटत नाही. ३० मीटर व्यासाच्या कड्यात दोन-तीन घरं, कोठार, चूल, उकिरडा मांडल्यावर २० गायी, डुकरं, मेंढ्या रोज रात्री कोंबायच्या म्हणजे कठीण. बांधही असा नाही की शंभर माणसांची टोळी थांबेल. अचानक आलेली पाच-दहा जणांची धाड अडवायला, निदान कुत्री भुंकून घरातले जागे होईपर्यंत वेळ काढायला, तो पुरेसा होता. रात्री वासरं आणि निवडक दुभती गुरं आत, बाकी बाहेर, असं मला जास्त पटतं.

दुसरं कारण प्रतिष्ठा, आणि मला वाटतं ते पहिल्याइतकंच जड आहे. कायदा स्पष्ट सांगतो की राजाच्या घराभोवतीचा बाहेरचा बांध त्याच्या आश्रितांनी खणून द्यायचा, तोच त्याच्या राजेपणाचा पुरावा. आश्रित म्हणजे ज्यांनी त्याच्याकडून गुरं घेतली आणि बदल्यात धान्य, दूध, अंगमेहनत देणं पत्करलं असे लोक. म्हणून कॉर्कमधल्या गॅरेन्ससारखा तीन कड्यांचा फोर्ट दुरून दिसला, तरी पाहणाऱ्याला कळत असे की या घरासाठी किती माणसं राबली. १९३७ मध्ये पुरातत्त्वज्ञ शॉन ओ रिअर्डन यांनी तो उकरला तेव्हा काचेचं व ब्राँझचं काम करणाऱ्या कारागिरांच्या खुणा आणि भूमध्य समुद्राकडून आलेल्या मडक्यांची खापरं मिळाली. शेतात वसलेला हा मालक दूरदेशीचं मागवत होता. त्याच काउंटीतल्या गॅरीडफ इथे सोन्याचा नखाएवढा पक्षी सापडला.

आणि गोलच का? एक उत्तर सरळ गणितात आहे. ३० मीटर व्यासाच्या वर्तुळाचा परीघ सुमारे ९४ मीटर. तेवढीच जागा चौकोनात बसवायची तर १०६ मीटर कुंपण लागतं. लाकडी फावड्याने चर खणणाऱ्याला ते १२ मीटर नक्की जाणवत असणार. शिवाय मधोमध खुंटी ठोकून दोरी फिरवली की आखणी झाली. घरंही सुरुवातीला गोलच होती. पुढे नवव्या-दहाव्या शतकांकडे चौकोनी घरं आली.

पायाखालची भुयारं

कित्येक रिंगफोर्टांच्या पोटात भुयार असतं. पुरातत्त्वाच्या भाषेत 'सूटरेन'. खंदक खणायचा, दोन्ही बाजूंनी दगड रचायचे, वर लांब शिळा टाकायच्या आणि माती लोटून झाकून टाकायचं. आत एक-दोन खोल्या, आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा मुद्दाम इतक्या अरुंद की सरपटल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

हे कशासाठी, यावरही दोन मतं होती, आता बहुतेक लोक दोन्ही मान्य करतात. आत उन्हाळा-हिवाळा तापमान फारसं बदलत नाही, म्हणून लोणी, दूध, चीज ठेवायला उत्तम. आणि धाड आली की लपायला. सरपटत येणाऱ्या माणसाचं डोकं आधी पुढे येतं, आत काठी घेऊन बसलेल्याला एवढं पुरतं. धाडी घालणारे माणसंही पळवून नेत, गुलाम म्हणून विकत. व्हायकिंगांनी हा व्यापार वाढवला, सुरू केला नाही.

वॉटरफर्ड काउंटीतल्या ड्रमलोहन इथे भुयार बांधणाऱ्यांनी ओघम लिपी कोरलेले जुने दगड छतासाठी आणि भिंतीसाठी वापरले. चौथ्या ते सहाव्या शतकांतले, कुणाच्या तरी नावाने उभे केलेले हे दगड त्यांच्या दृष्टीने चांगल्या मापाच्या शिळा होत्या, बस. आज त्याच दगडांमुळे ती जागा प्रसिद्ध आहे.

कड्याबाहेर पाहा

रिंगफोर्ट पाहायला गेलेला माणूस कड्याच्या मधोमध उभा राहतो, फोटो काढतो आणि परततो. मजा मात्र बांधावर चढून बाहेर पाहण्यात आहे. जागा उगाच निवडलेली नसते. टेकडीचा माथा नाही, कारण तिथे वारा झोडपतो. दरीचा तळही नाही, कारण तिथे पाणी तुंबतं. मधला उतार, निचऱ्याची जमीन, खाली ओढा. आणि बरेचदा तिथून दुसरा फोर्ट दिसतो, दुसऱ्यावरून तिसरा. एखाद्यावर धाड आली तर शेजाऱ्याला कळावं, आणि शेजाऱ्यावर नजरही राहावी, दोन्ही साधत असे.

हे चित्र सर्वांत स्पष्ट दिसतं ते क्लेअर काउंटीतल्या बरेन भागात. उघड्या चुनखडकाचा हा प्रदेश. माती इतकी पातळ की चर खणायचा प्रश्नच नाही, म्हणून इथे बहुतेक सगळे दगडी कॅशेल. काहरकॉनेल हा त्यांतला नावाजलेला: व्यास सुमारे ४२ मीटर, भिंतीची जाडी तीन मीटरच्या आसपास. भोवती जुन्या शेतांच्या दगडी बांधांचं जाळं आहे. साधारण किलोमीटरभर अंतरावर पोलनाब्रोन हे शिळांचं थडगं आहे, ते पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचं. म्हणजे काहरकॉनेल बांधणाऱ्यांना पोलनाब्रोन जितकं जुनं वाटत असेल, तितके ते स्वतः आपल्याला जुने नाहीत. अंतर पायी पंधरा-वीस मिनिटांचं, काळाचं चार हजार वर्षांचं.

बरेनमध्ये गुरांची एक उलटी पद्धत अजून चालते. इतरत्र उन्हाळ्यात गुरं डोंगरावर नेतात. इथे हिवाळ्यात नेतात, कारण चुनखडक उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतो, वर गवत कोरडं असतं आणि पाण्याचा निचरा चटकन होतो. उन्हाळ्यात गुरं वर नसल्यामुळे रानफुलांना फुलायला सवड मिळते. तिथली प्रसिद्ध फुलं गुरांमुळे टिकली आहेत, हे शहरी पर्यावरणप्रेमींना पटवताना शेतकऱ्यांची पुष्कळ वर्षं गेली.

मग सोडून का गेले?

एका दिवसात कुणी गेलं नाही. आठव्या शतकानंतर धान्यशेती वाढली, गायीचं 'चलन' म्हणून असलेलं महत्त्व उतरत गेलं, व्हायकिंगांबरोबर चांदी आली. छोटे राजे मोठ्या राजांनी गिळले. प्रत्येक शेतकऱ्याने आपापलं कडं खणून राहण्याची गरज आणि ऐपत दोन्ही कमी झाली असावी. बाराव्या शतकात इंग्लंडकडून अँग्लो-नॉर्मन आक्रमक आले तेव्हा त्यांनी काही राथ आयते उचलून त्यांवर स्वतःच्या गढीसाठी मातीचे उंच ढिगारे केले.

पण अपवाद मोठे रंजक आहेत. काहरकॉनेलमध्ये सतराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत लोक राहत होते. बरेनमधल्याच काहरमॅकनॉटन या कॅशेलमध्ये सोळाव्या शतकात ओ'डॅव्होरेन घराण्याची कायद्याची पाठशाळा चालत असे. बाहेर इंग्रजांचा कायदा येऊन ठेपला होता, आणि आत विद्यार्थी जुन्या आयरिश कायद्याच्या पोथ्या उतरवून घेत होते.

परी कुठून आल्या?

आधी पंखांची, चांदणीची छडी घेतलेली परी विसरा. आयरिश लोककथांतले 'शी' हे माणसाएवढे, मानी, देखणे आणि लहरी. त्यांचं आपलं शेत, आपली गुरं, आपले कज्जे. गोष्टींनुसार हे या बेटाचे आधीचे मालक. माणसांनी हरवल्यावर ते जमिनीखाली गेले. त्यांचं नाव घेणं टाळतात, 'द गुड पीपल' म्हणतात, कारण ऐकत असतील तर राग नको.

आता असं पाहा. शेतात एक गोल बांध आहे. कुणी केला, कधी केला, गावात कुणाला ठाऊक नाही. आत एक भोक आहे, ते जमिनीखाली जातं. रात्री त्यातून वारा घुमतो. जमिनीखाली गेलेले लोक याहून वेगळ्या कुठल्या दरवाज्याने ये-जा करणार? गोष्ट जागेला चपखल बसली.

१९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडने एक विलक्षण काम केलं. प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांतल्या मुलांना वह्या देऊन सांगितलं की आजी-आजोबांकडून गोष्टी ऐका आणि लिहून आणा. सुमारे ५० हजार मुलांनी भाग घेतला. विषयांच्या यादीत परींचे किल्लेही होते. आज हा संग्रह इंटरनेटवर फुकट वाचता येतो, मुलांच्या अक्षरासकट. त्यातल्या गोष्टींचा साचा ठरलेला: अमक्याने फोर्टवरचं झाड तोडलं, आठवड्यात घोडा मेला, तमक्याने नांगर घातला, हात लुळा पडला. संगीत, दिवे, वाट चुकून रात्रभर एकाच शेतात फिरत राहिलेला माणूस.

या भीतीच्या शेजारी आणखी एक गोष्ट होती, ती फारशी कुणी मोठ्याने बोलत नसे. बाप्तिस्मा होण्याआधी मेलेल्या बाळाला चर्चच्या पवित्र दफनभूमीत जागा मिळत नसे. घरचे लोक, पुष्कळदा एकटा बाप, संध्याकाळनंतर ते छोटं गाठोडं घेऊन गावाच्या कडेच्या एखाद्या जागी जात. अशा जागेला 'किलीन' म्हणतात, आणि अनेक किलीन जुन्या रिंगफोर्टांमध्ये आहेत. खूण म्हणून एखादा नाव नसलेला दगड. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे चालू होतं, म्हणजे आज हयात असलेल्या काही वृद्धांची भावंडं तिथे आहेत. अशा कुरणात नांगर न घालण्याला परींची भीती हे एक कारण झालं. दुसरं कारण शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक होतं, पण सांगायला परींचं कारण सोपं होतं.

"म्हणजे अंधश्रद्धेने वारसा वाचवला म्हणायचं?"

मोठ्या प्रमाणात, हो. पण एकट्या तिने नाही. गुरं पाळणाऱ्या शेतकऱ्याला कुरणात गोल बांध असला तर त्रास नव्हता, उलट वाऱ्या-पावसात गुरांना आडोसा मिळे. फावड्याने तो सपाट करायचा तर महिने जाणार, मिळणार किती जमीन, तर काही गुंठे. हिशेबच जमत नव्हता.

आपल्याकडच्या वाचकाला इथे देवराई आठवेल. साम्य आहे, पण फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. देवराईला देव असतो, पुजारी असतो, वर्षाची जत्रा असते, तोडायचं झालं तर कौल लावायची सोय असते. राथाला यातलं काहीच नाही. तिथे पूजा नाही, नवस नाही, परवानगी मागायला कुणी नाही. नियम एकच, हात लावू नका. त्यामुळे तो मोडला की सांभाळून घेणारी संस्थाही नाही.

आणि तो मोडला गेला. १८३० आणि १८४० च्या दशकांतले सर्वेक्षणाचे सविस्तर नकाशे आजच्या जमिनीशी ताडून पाहिले तर कित्येक कडी नाहीशी झालेली दिसतात. आयर्लंड १९७३ मध्ये युरोपीय समुदायात गेला, शेतीसुधारणेला अनुदानं आली, आणि त्याच सुमारास मोठी यंत्रंही आली. जे काम फावड्याला महिन्यांचं होतं ते एका दुपारचं झालं. हिशेब बदलला तशी भीतीही पातळ झाली. 'यंत्र शेजाऱ्याला चालवू द्या, शाप त्याला लागेल' अशा धाटणीचे विनोद तिथे ऐकायला मिळतात ते याच काळाचे.

कायदा काय करतो?

१९३० पासून तिथे राष्ट्रीय स्मारकांचा कायदा आहे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर ज्ञात स्थळांची अधिकृत नोंदवही तयार झाली, आणि नोंद असलेल्या जागी काहीही काम करायचं तर मालकाने दोन महिने आधी लेखी कळवणं बंधनकारक झालं. केरी काउंटीतल्या एका जमीनमालकाला फोर्ट सपाट केल्याबद्दल २०१२ मध्ये न्यायालयाने २५ हजार युरो दंड केला. २०२३ मध्ये नवा, व्यापक कायदा संमत झाला आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे.

पण हजारो जागा खासगी शेतांत, आणि त्यांवर लक्ष ठेवणारे अधिकारी मोजके. एखादं कडं गेलं तर ते कळतं पुढच्या हवाई छायाचित्रात. या प्रकरणात मी शेतकऱ्यालाही सरसकट खलनायक ठरवणार नाही. दुधाचे दर पडलेले असताना शेताच्या मधोमध अर्धा एकर जागा देशासाठी अडकवून ठेवायची, तर देशानेही त्याचं काही मोल मोजावं.

"पंचेचाळीस हजारांतले चार गेले तर काय बिघडतं?"

ऐकायला हे बिनतोड वाटतं. पण यातल्या फार थोड्यांचं शास्त्रीय उत्खनन झालं आहे. वरून सारखी दिसणारी दोन कडी आतून वेगळी निघतात. एकात नुसतं गुरांचं आवार, दुसऱ्यात काचेच्या मण्यांचा कारखाना. डिअर पार्क फार्म्समध्ये लाकूड टिकलं असेल हे बाहेरून कुणालाच दिसत नव्हतं.

शिवाय बांध हा स्वतःच दस्तऐवज आहे. बांध टाकला त्या दिवशी त्याखालची जमीन झाकली गेली. तेव्हापासून ना तिला नांगर लागला ना खत. त्या मातीतले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सातव्या शतकात तिथे जंगल होतं, गवत होतं की सातू पेरलेलं होतं हे सांगता येतं. बांध लोटून दिला की ते पान गेलं.

सपाट झालेल्यांतलंही सगळं पुसलं जात नाही, एवढा दिलासा आहे. बुजलेल्या चरात माती भुसभुशीत आणि खोल राहते, ओल धरून ठेवते. कोरड्या उन्हाळ्यात बाकीचं शेत पिवळं पडतं तेव्हा चरावरचं पीक हिरवं राहतं आणि आकाशातून वर्तुळ स्पष्ट उमटतं. २०१८ च्या दुष्काळी उन्हाळ्यात बॉइन नदीच्या खोऱ्यात न्यूग्रेंजजवळ ड्रोनमधून असंच एक प्रचंड वर्तुळ दिसलं. ते रिंगफोर्टांहून कितीतरी जुनं निघालं, पण युक्ती तीच.

पाहायला जायचं तर

आयर्लंडच्या राष्ट्रीय स्मारक सेवेचा नकाशा इंटरनेटवर खुला आहे. त्यावर लाल ठिपक्यांनी स्थळं दाखवलेली असतात, ठिपक्यावर टिचकी मारली की 'राथ', 'कॅशेल' किंवा खात्री नसेल तर नुसतं 'आवार' असा वर्ग दिसतो. आयर्लंडमध्ये राहत असाल तर घरापासून तासाभराच्या अंतरात डझनभर तरी मिळतील. तिथे राहत नसाल आणि मोजकेच दिवस असतील तर काहरकॉनेल, केरीतला स्टेग फोर्ट आणि डोनेगलमधलं ग्रिआनान ऑफ अयलाख निवडा. शेवटचं एकोणिसाव्या शतकात बरंच पुन्हा रचलेलं आहे, तेव्हा प्रत्येक दगड जुना समजू नका. गवताचं कडं पाहून घराची कल्पना येत नसेल तर वेक्सफर्डजवळ फेरीकॅरिगच्या वारसा उद्यानात एक रिंगफोर्ट घरांसकट नव्याने उभारला आहे, तिथे रात्री मुक्कामही करता येतो.

शेतातल्या फोर्टवर जायचं असेल तर आधी शेतकऱ्याला विचारा. तिथे कुणाच्याही जमिनीतून हिंडण्याचा सार्वजनिक हक्क नाही, पण विचारलं तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, उलट सोबत येऊन आजोबांची गोष्टही सांगतात. मेटल डिटेक्टर घरी ठेवा. परवान्याशिवाय पुरातन वस्तू शोधायला तो वापरणं १९८७ पासून गुन्हा आहे. भुयारात एकट्याने शिरू नका, शिळा कधी सरकतील सांगता येत नाही. फाटक जसं होतं तसं लावा, आणि आत पाऊल टाकण्यापूर्वी कुरणात वळू सोडलेला नाही ना, हे पाहून घ्या.